फक्त आमच्याच टेबलाकडून आधी पैसे घेतले, तर कायदा काय करू शकतो?

तुमची हकीकत आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर लगेच कळेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता. भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत फिरायला गेलात. शनिवारी रात्री तिथल्या एका रेस्टॉरंटमध्ये थांबलात. तुम्ही दोघं, मुलगी आणि आईबाबा असे पाच जण. तुमच्या मागून आलेल्या दोन गोऱ्या कुटुंबांना आधी टेबल मिळालं. ऑर्डर घेतल्यावर वेट्रेसने लगेच कार्ड मागितलं, 'आमची पॉलिसी आहे' म्हणाली. शेजारच्या टेबलाकडे कुणी कार्ड मागितलं नाही. बिलात २० टक्के टिप आधीच लावलेली होती, म्हणजे १२० डॉलरवर २४ डॉलर. मॅनेजरला विचारलंत तर तो म्हणाला, 'यू पीपल... तुमचा आम्हाला अनुभव आहे.' बाबांनी मधुमेहाची गोळी घेतली होती, त्यामुळे उठून जाणं शक्य नव्हतं. पैसे भरलेत, जेवलात, घरी आलात. आता विचारताय की हा वंशभेद झाला का, केस होते का, आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना या भानगडीत पडावं का. शिवाय बाबा म्हणतात, सोडून द्या.

मी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया दोन्हीकडे वकिली करतो. नोकरीतल्या भेदभावाची प्रकरणं जास्त, पण हॉटेल, दुकानं, मोटेल यांच्याविरुद्धचीही बरीच हाताळली आहेत. इथे लिहितोय तो सल्ला सर्वसाधारण आहे. कागद न बघता कुणी 'तुमची केस पक्की' असं सांगितलं तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

तुम्ही 'हा वंशभेद आहे का' असं विचारलंय. माझ्या मते त्याचं उत्तर तुम्हाला त्या टेबलावरच मिळालं होतं. अडचण आहे ती पुराव्याची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कॉमकास्ट कंपनीच्या खटल्यात सांगितलं की, ज्या कायद्याखाली तुम्हाला नुकसानभरपाई मिळू शकते त्यात वंश हे 'अनेक कारणांपैकी एक कारण' असून भागत नाही. तुमचा वंश वेगळा असता तर हे घडलंच नसतं, असं दाखवावं लागतं. म्हणजे प्रश्न असा होतो: तुमच्या जागी त्या रात्री त्याच वेळेला पाच जणांचं गोरं कुटुंब बसलं असतं, तर त्यांच्याकडे आधी कार्ड मागितलं असतं का? बाकी सगळं या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी.

आता कायदे. तुमच्या कामाचे तीन आहेत, आणि प्रत्येकाकडून मिळणारी गोष्ट वेगळी. इथेच लोक गोंधळतात.

सगळ्यांना ठाऊक असतो तो १९६४ चा नागरी हक्क कायदा. त्याचा दुसरा भाग हॉटेल, मोटेल, रेस्टॉरंट, पेट्रोल पंप, थिएटर, स्टेडियम अशा ठिकाणांना लागू होतो. वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ या चार कारणांवरून भेदभाव करायला त्यात मनाई आहे. २ जुलै १९६४ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दोन खटल्यांत तो वैध ठरवला. एक होता अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या मोटेलचा. दुसरा बर्मिंगहॅममधल्या 'ऑलीज बार्बेक्यू'चा. ऑलीजमध्ये काळ्या ग्राहकांना खिडकीतून पार्सल मिळायचं, आत बसून जेवायला मिळायचं नाही. मालकाचं म्हणणं, माझं दुकान गावातलं, वॉशिंग्टनचा संबंध काय? कोर्टाने त्याची खरेदी तपासली. वर्षाच्या सुमारे दीड लाख डॉलरच्या खरेदीपैकी जवळपास ७० हजारांचं मांस राज्याबाहेरून आलेलं होतं. राज्याराज्यांतल्या व्यापारावर केंद्राचा अधिकार चालतो, आणि तेवढ्या धाग्यावर केंद्राचा कायदा त्या दुकानाला लागू झाला. हा खटला मला आवडतो तो एवढ्यासाठी की भेदभावाचा एवढा मोठा प्रश्न शेवटी खाटकाच्या बिलांवर सुटला. आमच्या धंद्यात बहुतेक वेळा असंच होतं.

पण या कायद्याची मेख अशी की खाजगी व्यक्तीला त्यात नुकसानभरपाई मिळत नाही. कोर्ट 'हे बंद करा' असा मनाई हुकूम देऊ शकतं आणि जिंकलात तर वकिलाची फी समोरच्याकडून मिळू शकते, बस. शिवाय पेनसिल्व्हेनियाचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा असल्यामुळे कोर्टात जाण्याआधी राज्याच्या यंत्रणेला कळवून ३० दिवस थांबावं लागतं. आणि कपड्यांच्या किंवा किराण्याच्या साध्या दुकानांना हा भाग लागूच होत नाही. लोकांना ते खरं वाटत नाही, पण कायद्याच्या यादीत ती नाहीत.

दुसरा कायदा त्याहून जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे. यादवी युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये केला गेला. वकील त्याला 'कलम १९८१' म्हणतात (हा कलमाचा क्रमांक, साल नव्हे). गोऱ्या नागरिकांना करार करण्याचा जो हक्क आहे तोच सगळ्यांना, हा त्याचा गाभा. ऑर्डर देऊन जेवणं हाही करारच. यात नुकसानभरपाई मिळते, अपमान आणि मनस्तापाचीही मिळू शकते, दंडात्मक भरपाईही मागता येते. तुमचं मुख्य हत्यार हेच.

त्यांचा वकील पहिल्याच पत्रात काय लिहील ते आत्ताच सांगतो: 'ग्राहकाला टेबल दिलं, जेवण दिलं, मग करार नाकारला कुठे?' १९९१ पूर्वी या युक्तिवादाला बरंच वजन होतं. त्या वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला आणि करार करणं, तो पाळणं, त्याच्या अटी आणि त्याचे सगळे फायदे हे सारं या हक्कात घातलं. वेट्रेस नुसती तुसडेपणाने वागली असती तर मी तुम्हाला घरी बसायला सांगितलं असतं, कारण उद्धटपणाला कोर्टात किंमत नाही. पण 'इतरांनी जेवल्यावर पैसे द्यायचे, तुम्ही आधी' ही कराराची वेगळी अट झाली. १९९० च्या दशकात डेनीज या रेस्टॉरंट साखळीवर नेमका हाच आरोप होता: काळ्या ग्राहकांकडून आधी पैसे मागणं, त्यांना ताटकळत ठेवणं. १९९४ मध्ये कंपनीने सुमारे ५.४ कोटी डॉलरची तडजोड केली. अर्थात ती हजारो ग्राहकांची प्रकरणं होती. तुमच्या एका टेबलाकडून तो आकडा डोळ्यांपुढे आणू नका.

इथे एक बारकावा आहे, आणि आपल्या लोकांची तक्रार नेमकी इथेच अडखळते. कलम १९८१ वंशाबद्दल आहे, देशाबद्दल नाही. 'आम्ही इंडियाहून आलो म्हणून असं वागवलं' एवढंच लिहिलंत तर समोरचा म्हणेल, ही राष्ट्रीय मूळाची तक्रार आहे, या कलमात बसत नाही. मग भारतीयांचा वंश कोणता? १९२३ मध्ये पंजाबातून अमेरिकेत आलेल्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. १९८७ मध्ये इराकमध्ये जन्मलेल्या एका प्राध्यापकाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की १८६६ च्या लोकांच्या डोक्यातली वंशाची कल्पना खूप व्यापक होती, ज्यू, जर्मन, जिप्सी हे सगळे त्यांच्या लेखी वेगवेगळे वंश होते. म्हणून पूर्वज किंवा वांशिक ओळख यावरून झालेला भेदभाव या कलमात येतो. तेव्हा तक्रारीत वंश, वर्ण, वांशिक ओळख आणि राष्ट्रीय मूळ हे चारही शब्द घाला. आईंची साडी, कपाळावरची टिकली, तुमचं आपसातलं मराठी बोलणं, हे सगळं लिहा. तुम्ही कोण आहात हे समोरच्याला कशावरून दिसलं, ते त्यातून कळतं.

तिसरा कायदा राज्याचा. घटना पेनसिल्व्हेनियात घडली, म्हणून तिथलाच लागू. तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नाही. डेलावेअर नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीत जेवला असतात तर दोन वर्षांत थेट राज्याच्या कोर्टात जाता आलं असतं. नदी ओलांडल्यामुळे आता आधी पेनसिल्व्हेनियाच्या मानवी संबंध आयोगाकडे जायला हवं, तेही १८० दिवसांत. तीन आठवडे गेलेच आहेत. आयोगाकडे तक्रार फुकट करता येते आणि वकील लागत नाही. कलम १९८१ ची मुदत प्रकरणाच्या स्वरूपाप्रमाणे दोन किंवा चार वर्षं पडते. त्या वादात न शिरता तुम्ही दोनच वर्षं धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुरावा. आणि इथे मी जरा तुमच्या विरुद्ध बाजूने बोलणार आहे.

टिपेचा मुद्दा मला कच्चा वाटतो. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब माझ्याकडे अगदी हीच तक्रार घेऊन आलं होतं, फक्त आमच्याच बिलात टिप का. मी उत्साहाने पत्र पाठवलं. उलट टपाली मेन्यूकार्डाचा फोटो आला. शेवटच्या पानावर तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत: पाच किंवा अधिक जणांच्या बिलावर सेवाशुल्क लावले जाईल. ते सहा जण होते. तुम्ही पाच आहात. तेव्हा आजच त्यांच्या वेबसाइटवरचा मेन्यू उघडा आणि तळाची ओळ वाचा. तशी ओळ असेल तर टिपेला मुख्य तक्रार करू नका, नाहीतर ते एक उत्तर देऊन बाकी सगळ्यावर पाणी फिरवतील. ओळ नसेल तर मात्र ते २४ डॉलर सोन्याचे आहेत. आणि ओळ कितीही असली तरी 'आधी पैसे' त्यातून सुटत नाही.

टेबल उशिरा मिळण्याचंही तसंच. मागून आलेली कुटुंबं दोघा-तिघांची असतील तर छोटं टेबल आधी मोकळं झालं असं ते म्हणतील, आणि ते खरंही असू शकतं. किती जण होते ते आठवतं का? त्यांनी आधी नाव नोंदवलं होतं का? ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असंच लिहा. वाढवून लिहिलेली एक ओळ खोटी ठरली की उरलेल्या नऊ खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

'यू पीपल'बद्दल. आपल्याला ते ऐकताक्षणी कळतं, कोर्टाला कळेलच असं नाही. काही न्यायाधीश त्याला वांशिक शेरा मानतात, काही म्हणतात 'तुम्ही लोक' म्हणजे त्या टेबलावरचे लोक. पण मॅनेजर पुढे 'अनुभव आहे' असं म्हणाला, आणि ते जास्त कामाचं आहे. तुम्ही तिथे पहिल्यांदाच गेला होतात. मग अनुभव कुणाचा? त्याचे नेमके इंग्रजी शब्द, जसे ऐकले तसे, आजच्या आज लिहून काढा. तुम्ही एकीकडे, पत्नीने दुसरीकडे.

खरा पुरावा मात्र त्यांच्याच यंत्रात आहे. आजकाल बिलिंगच्या मशीनमध्ये प्रत्येक टेबलाची ऑर्डर किती वाजता गेली आणि पैसे किती वाजता आले याची नोंद राहते. त्या शनिवारी संध्याकाळी तीस टेबलांचे पैसे ऑर्डरनंतर तासाभराने आले आणि तुमचे दोन मिनिटांत आले, असं निघालं तर 'पॉलिसी आहे' हे वाक्यच त्यांच्या गळ्यात अडकेल. ती नोंद आज तुम्हाला मिळणार नाही, केस झाल्यावर मागता येते. पण ती नष्ट करू नका, आणि सीसीटीव्हीचं चित्रण पुसू नका, असं लेखी कळवणं आत्ता तुमच्या हातात आहे. बहुतेक ठिकाणी जुन्या चित्रणावर काही आठवड्यांत नवं चढतं, म्हणून हे पत्र या आठवड्यात गेलं पाहिजे. तारीख, वेळ, टेबल साधारण कुठे होतं, कार्डाचे शेवटचे चार आकडे, आणि 'त्या संध्याकाळच्या सर्व नोंदी व चित्रण जतन करावे'. एवढंच. पत्रात राग नको, आणि रकमेची मागणी तर अजिबात नको. रजिस्टर्ड टपालाने पाठवा. वकिलाकडून गेलं तर उत्तम, पण वकील शोधत महिना घालवण्यापेक्षा स्वतः पाठवा.

तुम्ही लिहिलंय की परत जाऊन मॅनेजरशी बोलताना फोनवर गुपचूप रेकॉर्ड करू का. नको! पेनसिल्व्हेनियात समोरच्याच्या संमतीशिवाय खाजगी संभाषण चोरून रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, आणि तो गंभीर गुन्हा आहे. न्यू जर्सीत नियम वेगळा, तिथे संभाषणातल्या एकाची, म्हणजे तुमची स्वतःची, संमती पुरते. त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना वाटतं की सगळीकडे चालतं. सर्वांदेखत मोबाइल धरून चित्रण करणं ही निराळी गोष्ट. एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियातल्या स्टारबक्समध्ये काही न मागवता कामाच्या भेटीसाठी वाट बघत बसलेल्या दोन काळ्या तरुणांना अटक झाली, ती जगभर गाजली ती दुसऱ्या ग्राहकाने उघडपणे घेतलेल्या चित्रणामुळे. कंपनीने मे महिन्यात आठ हजारांवर दुकानं एक दुपार बंद ठेवून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. त्या दोघांनी शहराकडून प्रत्येकी एक डॉलर घेतला आणि तरुण उद्योजकांसाठी दोन लाख डॉलरचा कार्यक्रम कबूल करून घेतला. कंपनीशी त्यांची तडजोड वेगळी झाली.

तो एक डॉलर मी अशिलांना मुद्दाम सांगतो, कारण तुम्हाला नेमकं काय हवंय हे तुम्ही अजून लिहिलेलं नाही. पैसे हवे असतील तर प्रामाणिकपणे सांगतो: एका जेवणाचं प्रकरण, नुकसान थोडं, पुरावा समोरच्याच्या ताब्यात, असं प्रकरण फी न घेता हाती घेणारा वकील मिळायला वेळ लागेल. माफी आणि कर्मचाऱ्यांना शिस्त हवी असेल तर ते दुकान मोठ्या साखळीतलं आहे की एकट्या मालकाचं, यावर खूप अवलंबून आहे. साखळीच्या मुख्य कार्यालयाला असल्या पत्राची धास्ती असते. एकटा मालक बहुधा चिडतो आणि मग आयोगच बरा. इतरांना असं होऊ नये एवढंच हवं असेल, तर आयोगाकडची तक्रार हे पुरेसं आणि सन्मानाचं उत्तर आहे. त्याच जागेबद्दल दुसऱ्या कुणाची तक्रार आली की तुमची फाइल जिवंत होते.

एच-वन-बीची काळजी बाजूला ठेवा. फिर्यादी असणं हा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नाकारण्याचा आधार नाही. कलम १९८१ चे शब्दच 'देशाच्या अधिकारक्षेत्रातील सर्व व्यक्ती' असे आहेत. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या तुमच्या आईबाबांनाही ते संरक्षण आहे, आणि तक्रारदार म्हणून त्यांची नावंही घालता येतात.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. याच कायद्याखाली आपली माणसंही माझ्याकडे दुसऱ्या बाजूने आली आहेत. एक देशी मोटेलमालक फक्त काळ्या गिऱ्हाइकांकडून रोख डिपॉझिट घ्यायचा. कारण विचारलं तर म्हणाला, 'साहेब, अनुभव आहे.' तुमच्या मॅनेजरचाच शब्द. मी त्याला तडजोड करायला लावली आणि डिपॉझिट एकतर सगळ्यांकडून घे नाहीतर कुणाकडूनच नको, असं सांगितलं. आणि जातीबद्दल म्हणाल, तर २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला मनाई करणारा नियम केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातलं तसं विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी फेटाळलं. ते कुणाच्या वागण्यामुळे आणावं लागलं, हे आपण जाणतो.

राहता राहिले बाबा. 'सोडून द्या' म्हणणाऱ्या वडिलांना मी कधी आग्रह करत नाही. फक्त त्यांच्या परतीचं तिकीट कधीचं आहे ते बघा, आणि त्याआधीच्या एखाद्या सकाळी त्यांना व आईंना कागद-पेन द्या. त्या संध्याकाळी काय दिसलं ते लिहू द्या, मराठीतच, एकमेकांचं न बघता, खाली तारीख आणि सही. इंग्रजी भाषांतर नंतर होतं. तो कागद म्हणजे साक्ष नव्हे, साक्ष वेळ आली तर व्हिडिओवरूनही घेता येते, पण वर्षभराने आठवण जागी करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. अशाच एका प्रकरणात आजींनी दीड पान लिहिलं होतं. त्यात बरंचसं थंडीबद्दल आणि फिक्क्या सूपबद्दल होतं. मध्ये एक ओळ: 'शेजारच्या बाईने जेवण झाल्यावर लाल पाकिटातून पैसे दिले, नोटा मोजून.' पुढे त्या संध्याकाळच्या नोंदी हातात आल्या. रोखीने पैसे दिलेलं टेबल एकच होतं, आमच्या शेजारचं, आणि ते पैसे ऑर्डरनंतर ५२ मिनिटांनी जमा झाले होते.